ऑपरेशन झालं, पुढे काय? आतड्याच्या एका जन्मजात आजाराचा इतिहास

मी नाशकात उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो, गरज पडेल तेव्हा उर्दूचेही तास घेतो. बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्राचा एक पेपर होता. मुलांना सगळ्यांसमोर का बोलू नये, अपमानाने मूल कसं मिटून जातं, यावर मी त्यात चांगली उत्तरं लिहिली होती. मार्कही चांगले पडले होते. तरीही काही वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात मी जे केलं ते आधी सांगतो. हा लेख इतिहासाचा आहे, पण तो इतिहास मी शोधायला लागलो त्याचं कारण त्या दिवसात आहे.

वर्गात एक मुलगा शेवटच्या बाकावर, खिडकीशी, एकटाच बसायचा. त्याच्या जवळ गेलं की वास यायचा. पोरांनी त्याला एक नाव ठेवलं होतं, ते मी इथे लिहीत नाही. एका दुपारी वास फारच आला. मुलं नाक धरून हसायला लागली. मी वैतागलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "एवढा मोठा झालास, अजून कळत नाही? घरी जा, स्वच्छ होऊन ये." तो दप्तर उचलून निघून गेला. रडला नाही. त्याचं न रडणं मला तेव्हा निगरगट्टपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. हातात प्लास्टिकची जाड फाईल. मी "बसा आपा" म्हणून खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "सर, ये जानबूझके नहीं करता. इसको पता ही नहीं चलता." मग तिने फाईल उघडली. मुंबईच्या दवाखान्याचे कागद होते. जन्मल्यावर काही दिवसांतच एक ऑपरेशन, मग दुसरं, मग तिसरं. जवळजवळ प्रत्येक कागदावर एक लांबलचक इंग्रजी शब्द होता. तो मला नीट वाचताही येईना. आजाराचं नाव हिर्शस्प्रुंग.

जाताना तिने एक प्रश्न विचारला. "ऑपरेशन तो हो गया सर. फिर ये ठीक क्यों नहीं हुआ?"

मी शिक्षक, पण मला उत्तर येत नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत मी जमेल तिथून वाचलं, दोन-तीन डॉक्टरांना भेटलो, प्रश्न विचारले. त्यातून जे हाती आलं ते वाचकांसमोर ठेवतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा हा लेख वाचून कोणी घरी उपचार करू नयेत.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं एक जाळं असतं. अन्न पुढे ढकलायचं कधी, आतडं आवळायचं कधी आणि सैल सोडायचं कधी, हे ते जाळं ठरवतं. आईच्या पोटात बाळ साधारण पाच ते बारा आठवड्यांचं असताना या पेशी वरून खाली, गुदद्वाराच्या दिशेने प्रवास करत जागोजाग वसतात. काही बाळांत हा प्रवास शेवटपर्यंत पोचत नाही. बहुतेकांत आतड्याचा शेवटचा थोडा भागच पेशींविना राहतो, काहींत बराच मोठा. तो भाग कायम आकसलेला राहतो. मळ तिथे अडतो आणि वरचं चांगलं आतडं फुगत जातं. निरोगी बाळ पहिली काळी-हिरवी शी बहुधा 24 तासांत आणि जवळजवळ नेहमीच 48 तासांत करतं. ती झाली नाही, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, की सावध व्हायचं. साधारण 5,000 जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. मुलग्यांत त्याचं प्रमाण मुलींच्या जवळपास चौपट आहे.

आता मागे जाऊ. बाळाचा शौचमार्ग बंद असणं किंवा अरुंद असणं जुन्या वैद्यांना माहीत होतं. सुश्रुतसंहितेत आवळलेल्या गुदमार्गावर तूप लावलेली नळी घालायची आणि दर काही दिवसांनी तिची जाडी वाढवत न्यायची, असा उपचार आहे. आपल्याकडे अबू बक्र अल्-राझी हे नाव आदराने घेतलं जातं. नवव्या-दहाव्या शतकातल्या या हकीमाने मुलांच्या आजारांवर स्वतंत्र रिसाला लिहिला. मुलांचं दुखणं म्हणजे मोठ्यांच्या दुखण्याची छोटी आवृत्ती नव्हे, हे मानणारं इतकं जुनं पुस्तक दुर्मिळच. म्हणूनच त्याला बालरोगशास्त्राचं पहिलं पुस्तक म्हणतात.

त्यानंतरचं नाव अबुल कासिम अल्-झहरावी यांचं. स्पेनमधल्या कुर्तुबाजवळच्या मदीनतुझ्झहरा इथले हे शल्यवैद्य 1013च्या सुमारास वारले. त्यांच्या 'अत्-तसरीफ' या ग्रंथाचे 30 भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात ज्या बाळाचं गुदद्वार पातळ पडद्याने बंद आहे त्याच्यावर काय करायचं, हे लिहिलेलं आहे. पडदा बोटाने फोडावा, नाहीतर धारदार पात्याने छेद द्यावा, पण आतल्या स्नायूला धक्का लागू देऊ नये. आणि पुढे एक सूचना आहे. वाट पुन्हा बंद होईल अशी भीती असेल तर बरेच दिवस शिशाची नळी ठेवावी आणि बाळाला शौचाला होईल तेव्हा ती काढावी. हे वाचून मी थांबलो. हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला माहीत होतं की छेद दिल्याने काम संपत नाही. वाट मोकळी ठेवणं हे वेगळं काम आहे आणि ते बरेच दिवस चालतं. बाराव्या शतकात टोलेडोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने या शस्त्रक्रियेच्या भागाचा लॅटिन अनुवाद केला आणि युरोपातल्या शल्यवैद्यांनी तो अनेक पिढ्या वापरला. आज गुदद्वाराच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पालकांना धातूच्या गुळगुळीत सळ्यांनी वाट रुंद ठेवायला शिकवतात, हळूहळू मोठ्या मापाची सळई वापरायला सांगतात. सुश्रुत आणि झहरावी दोघांनाही ती सळई ओळखीची वाटली असती.

एनिमाचा इतिहासही तितकाच जुना आहे. अरबीत त्याला हुक्ना म्हणतात, आयुर्वेदात बस्ती. पोटातल्या अडकलेल्या कळेला आपले हकीम कुलंज म्हणत. इब्ने सीना यांनी कुलंजवर स्वतंत्र रिसाला लिहिला आणि शेवटी त्यांना स्वतःलाच कुलंज झाला. त्यांचा शिष्य जूझजानी याने लिहून ठेवलंय की लवकर बरं व्हावं म्हणून त्यांनी एकाच दिवसात आठ वेळा एनिमा घेतला आणि त्यामुळे आतड्यांना जखमा झाल्या. 1037 मध्ये हमदानला ते वारले. एनिमा औषध आहे, पण त्याचं माप आहे आणि त्याची वेळ आहे. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

पण या सगळ्यांना दिसत होतं ते बाहेरचं बंद दार. दार उघडं असूनही आतून वाट बंद असते, हा आजार वेगळा. 1691 मध्ये हॉलंडच्या फ्रेडरिक रुइश याने पाच वर्षांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनात प्रचंड फुगलेलं मोठं आतडं पाहिलं आणि त्याची नोंद केली. त्यानंतर जवळजवळ 200 वर्षं अशा नोंदी अधूनमधून होत राहिल्या. 1886 मध्ये बर्लिनच्या बालरोगतज्ज्ञांच्या सभेत कोपनहेगनचे हाराल्ड हिर्शस्प्रुंग उभे राहिले. दोन बाळं जन्मापासून शौचाला न होऊन दगावली होती. त्यांच्या आतड्याचं वर्णन त्यांनी मांडलं. तंबाखूच्या कारखानदार ज्यू घराण्यातला हा माणूस डेन्मार्कचा पहिला बालरोगतज्ज्ञ मानला जातो आणि राणी लुईसच्या नावाच्या मुलांच्या दवाखान्याचा तो प्रमुख होता. आजाराला त्यांचं नाव मिळालं, पण कारण त्यांनाही उमगलं नव्हतं. दिसायला फुगलेलं आतडं आजारी दिसायचं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच राहिलं. दोष मात्र खालच्या बारीक, साध्या दिसणाऱ्या भागात होता.

या एका चुकीच्या समजुतीमुळे पन्नासेक वर्षं मुलं दगावत राहिली. फुगलेला भाग कापायचा आणि दोन टोकं जोडायची, तर आजार परत यायचा, कारण आकसलेला भाग तसाच राहायचा. 1927 मध्ये ऑस्ट्रेलियात पाठीच्या कण्याजवळच्या चेता कापून पाहण्यात आल्या. बाकी मुलं आयुष्यभर जुलाबाच्या औषधांवर आणि एनिमावर ठेवली जायची. 1901 पासून कोणी ना कोणी लिहीत होतं की खालच्या भागात चेतापेशी दिसत नाहीत. पण ते खरं कारण आहे, हे 1948च्या सुमारास पक्कं झालं.

त्याच वर्षी बॉस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन आणि अलेक्झांडर बिल यांनी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. स्वेन्सन यांनी एक साधी गोष्ट पाहिली होती. वरच्या आतड्याला पोटावर वाट काढून दिली की मूल तरारून उठतं आणि ती वाट बंद करून आतडं पुन्हा जोडलं की मूल पुन्हा आजारी पडतं. म्हणजे दोष खाली आहे. मग त्यांनी पेशी नसलेला खालचा भागच काढला आणि वरचं चांगलं आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडलं. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत वाढलेले स्वेन्सन 2012 मध्ये 103 वर्षांचे होऊन वारले. 1956 मध्ये फ्रान्सच्या दुहामेल यांनी आणि साठच्या दशकात इटलीच्या सोआवे यांनी याच कल्पनेवर वेगळ्या पद्धती काढल्या. 1998 मध्ये मेक्सिकोच्या दोन डॉक्टरांनी पोट न कापता सगळं काम खालूनच करून दाखवलं. पूर्वी तीन टप्प्यांत व्हायचं ते अनेक बाळांत एका टप्प्यात होऊ लागलं. पहिल्या टप्प्यात पोटावर वाट, दुसऱ्यात खरी शस्त्रक्रिया, तिसऱ्यात वाट बंद. माझ्या विद्यार्थ्याच्या फाईलमधली तीन ऑपरेशनं म्हणजे हेच टप्पे.

इथपर्यंतचा इतिहास विजयाचा आहे आणि तो बहुतेक पुस्तकांत सापडतो. त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र याच्या पुढे आहे.

स्वेन्सन यांच्यासोबत पहिल्या शस्त्रक्रियेच्या लेखावर ज्यांचं नाव होतं, त्याच बिल यांनी 1962 मध्ये चॅपमन यांच्याबरोबर आणखी एक लेख लिहिला. विषय होता या मुलांना होणारा आतड्याचा दाह, म्हणजे एन्टेरोकोलायटिस. आतड्यात मळ साचून राहतो, जंतू वाढतात, पोट ढोलासारखं फुगतं, ताप येतो, सोसाट्याने दुर्गंधीयुक्त जुलाब होतात, मूल निपचित पडतं. शस्त्रक्रियेआधी हे होतं आणि चांगल्या शस्त्रक्रियेनंतरही होऊ शकतं. या आजारातल्या मुलांचा जीव घेणारं मुख्य संकट आजही हेच आहे. साधे जुलाब समजून घरी थांबलं की घात होतो. दवाखान्यात सलाईन, प्रतिजैविकं आणि नळीने आतडं धुणं, हे तीन उपचार ताबडतोब लागतात. धुण्यासाठी मिठाचं योग्य प्रमाणातलं निर्जंतुक पाणी, म्हणजे सलाईनच वापरतात. साधं पाणी फुगलेल्या आतड्यातून रक्तात शोषलं जातं, शरीरातल्या क्षारांचं प्रमाण बिघडतं. पूर्वी यामुळे मुलं दगावलेली आहेत. इब्ने सीनांच्या गोष्टीतला धडा हाच होता.

मग 1989 मध्ये स्वेन्सन पद्धतीच्या 880 शस्त्रक्रियांचा 40 वर्षांचा हिशोब अनेक देशांच्या डॉक्टरांनी मिळून मांडला. बहुसंख्य मुलं पुढे चांगली राहिली. पण काहींना बद्धकोष्ठता राहते, काहींचे कपडे खराब होतात आणि काहींना तो दाह पुन्हा पुन्हा होतो, हेही अशा दीर्घ पाहण्यांतून स्पष्ट होत गेलं. त्यानंतर डॉक्टर शस्त्रक्रियेइतकाच तिच्यानंतरच्या वर्षांचा विचार करू लागले. 2017 मध्ये अमेरिकेच्या बालशल्यचिकित्सकांच्या संघटनेने अडकून राहणाऱ्या पोटासाठी आणि दाहासाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या.

त्यांचा सांगावा साध्या मराठीत असा: आधी कारण शोधा, मग औषध द्या. मूल कुंथतंय, पोट फुगतंय, शौचाला होत नाही, तर पाच गोष्टी पाहायच्या. जोड आवळला आहे का, किंवा आतडं पिळलं आहे का? खाली आणलेल्या आतड्यातही पेशी कमी आहेत का? यासाठी पुन्हा तुकडा काढून तपासतात. गुदद्वाराचा आतला स्नायू सैल होत नाही का? राहिलेल्या आतड्याची हालचालच मंद आहे का? की दुखण्याच्या भीतीने मूल स्वतःच शी रोखून धरतंय? पाचही कारणांचे उपचार वेगळे. जोड आवळला असेल तर तो रुंद करतात, कधी पुन्हा शस्त्रक्रिया लागते. स्नायू सैल होत नसेल तर त्यात बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात. चेहऱ्याच्या सुरकुत्या घालवायला वापरतात ते बोटॉक्स हेच. काही महिने स्नायू सैल राहतो आणि मुलाला वाट सापडते. भीती असेल तर मळ मऊ करणारं औषध, ठरावीक वेळ आणि धीर.

कपडे खराब होणं हा दुसरा प्रश्न, आणि वर्गात मला दिसला तो हाच. इथे आपली सर्वांत मोठी चूक होते. आपल्याला वाटतं मुलाचा ताबा सुटलाय. पुष्कळदा उलटं असतं. आत मळाचा घट्ट गोळा साचलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. ताणलेल्या आतड्याला जाणीव होत नाही, म्हणून मुलाला कळत नाही. अशा मुलाला जुलाब थांबवायचं औषध दिलं तर गोळा आणखी वाढतो. काही मुलांत मात्र खरोखरच आतडं फार वेगाने चालतं, किंवा शस्त्रक्रियेत स्नायूला किंवा जाणीव देणाऱ्या अस्तराला इजा झालेली असते. त्यांना आहार बदलून, गती कमी करणारं औषध देऊन सांभाळावं लागतं. दोन मुलं बाहेरून सारखीच दिसतात, उपचार उलटे. म्हणून तपासणी आणि आतड्यात औषध सोडून काढलेला एक्स-रे लागतो.

यातलं एक महत्त्वाचं नाव मेक्सिकोचे अल्बेर्तो पेन्या. गुदद्वार नसलेल्या बाळांसाठी 1980 मध्ये त्यांनी मागच्या बाजूने मधोमध छेद घेऊन करायची शस्त्रक्रिया सुरू केली, ती आज जगभर वापरतात. पण माझ्या मते त्यांचं दुसरं काम तितकंच मोठं आहे. ज्या मुलांना ताबा येणारच नाही, त्यांच्यासाठी त्यांनी रोजच्या व्यवस्थेची पद्धत बसवली. योग्य मापाचा एनिमा दिवसातून एकदा, ठरावीक वेळी. मोठं आतडं रिकामं झालं की पुढचा दिवसभर खराब व्हायला आत काही राहतच नाही. माप प्रत्येक मुलाचं वेगळं, एक्स-रे बघत बघत ठरवायचं. मुलाला साधी चड्डी घालून शाळेत जाता आलं पाहिजे, हे त्या उपचाराचं ध्येय. 1990 मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टनचे पॅड्रेग मॅलोन यांनी यात भर घातली. अपेंडिक्सचं तोंड पोटाच्या त्वचेवर आणायचं आणि तिथून बारीक नळीने पाणी सोडायचं. आतडं वरून खाली धुऊन निघतं. मूल मोठं होतं, आईकडून एनिमा घ्यायची लाज वाटू लागते, तेव्हा ते स्वतःच संडासात बसून हे करू शकतं. ज्या अपेंडिक्सला आपण बिनकामाचं म्हणतो, त्याने कित्येक मुलांना शाळेत बसवलं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. परळचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय 1929 मध्ये सुरू झालं. वाडिया बंधूंनी ते आईच्या नावाने बांधलं. भारतातल्या बालशल्यचिकित्सकांची संघटना 1965ची. मराठी वाचकांना डॉ. स्नेहलता देशमुख मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू म्हणून माहीत आहेत. त्या मूळच्या बालशल्यचिकित्सक आणि सायनच्या महापालिका रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या. अशा लोकांमुळे नाशिक, मालेगाव, धुळ्याकडची बाळं आईच्या कुशीत, कसारा घाट उतरून, मुंबईला जाऊन वाचली. आता नाशकातही बालशल्यचिकित्सक आहेत. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर 1998 पासून आपल्याच शहरात आहे. 2012 पासून आधी राजीव गांधी आणि 2017 पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत मुलांच्या शस्त्रक्रियाही बसतात. 6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातही आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथकं अंगणवाडीत आणि सरकारी, अनुदानित शाळांत येऊन मुलं तपासतात. पथक येईल तेव्हा शिक्षकाने अशा मुलाचं नाव पुढे करायला हवं.

म्हणजे चाकू आपल्यापर्यंत पोचला. चाकूनंतरची वर्षं मात्र घरावर येऊन पडतात. माझ्या विद्यार्थ्याच्या फाईलमध्ये पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली होती. ती इंग्रजीत होती. घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. बाप रोजंदारीवर. मुंबईला जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि भाडं. तिसरं ऑपरेशन झालं, टाके निघाले, सगळ्यांनी समजून घेतलं की झालं. घर जुन्या वाड्यातलं, चार कुटुंबांत एक संडास. मूल वीस मिनिटं बसलं की बाहेरून दार वाजायचं. दोनदा दार वाजलं की मूल शी रोखायला शिकतं, आणि रोखलेली शी आत साचते. आजार आणि गरिबी एकमेकांना अशी मदत करतात.

शिवाय बोल लावणारे होतेच. कोणी म्हणालं, ग्रहणात बाहेर पडली असशील. कोणी म्हणालं, नजर लागली. ग्रहणाचं सांगणाऱ्यांत दोन्ही धर्मांचे शेजारी होते. रेट नावाच्या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध 1994 मध्ये सापडला. बाळाच्या पेशी किती लांब जातील हे आईने काय खाल्लं, कुठे बसली, यावर ठरत नाही. आईला दोष देणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकवायला हवं.

मक्तबमध्येही मुलाला मागे बसवलं होतं, मशिदीत न्यायला बाप कचरायचा. इथे आपल्या वाचकांसाठी थोडं लिहितो. वयात न आलेल्या मुलावर नमाज फर्ज नाही. सवय लावतो आपण, शिक्षा नाही. आणि ज्याचा उजर कायमचा आहे, त्याच्यासाठी फिकहमध्ये 'माजूर'चे स्वतंत्र मसले शेकडो वर्षांपासून आहेत. हनफी मसलकात अशा माणसाने प्रत्येक नमाजच्या वक्ताला वजू करावा आणि त्या वक्तात नमाज पढावी. झिरपत राहिल्याने त्याचा तो वजू तुटत नाही. कोणाचा उजर या व्याख्येत बसतो हे आलिमला विचारावं. कोकणात शाफई मसलक आहे, तिथे तपशील वेगळे असतील. रोज्याच्या दिवसांत एनिमाची वेळ इफ्तारनंतर ठेवता येते, आणि आजाऱ्याला रोजा सोडायची सवलत तर आहेच. पोट बिघडणाऱ्या मुलाच्या शरीरातलं पाणी कमी होऊ देणं धोक्याचं असतं, तेव्हा डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवावं. आपल्या दीनने ज्याच्यासाठी जागा केली आहे, त्याला आपण दाराशी अडवू नये.

पुढे काय झालं ते सांगतो. आपाच्या फाईलवरची तारीख मी वाचून दाखवली. ती दीड वर्षापूर्वी उलटून गेली होती. काही जणांनी मिळून भाड्याचं पाहिलं, ते मायलेक पुन्हा मुंबईला गेले. एक्स-रेत खालचं आतडं मळाने भरलेलं निघालं. जोड थोडा आवळला होता. तो रुंद केला, आतडं रिकामं केलं, आईला रोजचा एनिमा शिकवला. रात्री वाड्यातले सगळे झोपल्यावर ती तो द्यायची, कारण संडास तेव्हाच रिकामा मिळायचा.

शाळेत मी चार गोष्टी केल्या. चारही फुकट होत्या. शिक्षकांच्या संडासाची किल्ली त्याला दिली. न विचारता वर्गाबाहेर जायची परवानगी दिली. माझ्या कपाटात त्याचा एक कपड्यांचा जोड ठेवला. आणि तो गैरहजर असलेल्या एका दिवशी वर्गाला सांगितलं की एका मुलाच्या आतड्याला जन्मतः इजा होती, त्याचं ऑपरेशन झालंय, तो बरा होतोय. नाव घेतलं नाही, सगळ्यांना कळलं. हसणं एका दिवसात थांबलं नाही, पण पुढच्या महिन्यात त्याच्या बाकावर दुसरा मुलगा येऊन बसला. मी बसवला नव्हता.

माफी मी त्याची एकदा एकट्यात मागितली. तो म्हणाला, "कोई बात नहीं सर." ती मी वर्गासमोर मागायला हवी होती, कारण अपमान वर्गासमोर केला होता. ते राहिलं.

तो दहावी पास झाला. पोट अजून कधी कधी त्रास देतं, पण या आजारात वय वाढेल तसं पुष्कळांचं सुधारतं आणि त्याचंही सुधारलं. त्याची ओळख पटेल असं मी इथे काही लिहिलेलं नाही.

आपाच्या प्रश्नाला आज मी उत्तर देऊ शकतो. ऑपरेशन झालं तरी हे ठीक का झालं नाही? कारण ऑपरेशनने अडलेली वाट उघडते. आतड्याला, स्नायूला आणि मुलाच्या मनाला चालायला शिकवणं हे त्यानंतरचं काम आहे, आणि त्याला वर्षं लागतात. झहरावींनी शिशाची नळी बरेच दिवस ठेवायला सांगितली होती. ते दिवस डॉक्टरांच्या एकट्याच्या हातात नसतात. त्यातले सहा तास रोज शाळेच्या हातात असतात.

माझ्या शिक्षक मित्रांना एवढंच सांगायचं आहे. वर्गात एखाद्या मुलाचा वास आला तर त्याला घरी पाठवू नका. त्याच्या आईला बोलवा, खुर्ची द्या आणि फाईल आहे का विचारा. असेल तर पुढच्या तपासणीची तारीख मोठ्याने वाचून दाखवा.